गोष्टींची खतावणी



दिवाळी अंक हातात आला की मी आधी अनुक्रमणिका बघते. सगळ्या कथा एकाच विषयावर मागवल्या असतील, लेखकांना एखादी चमत्कारिक अट घातली असेल, तर तो अंक सगळ्यांत आधी माझ्या उशाशी जातो. आमचे हे विचारतात, "एकाच विषयाच्या दहा गोष्टी वाचून कंटाळा येत नाही?" मला येत नाही. निवडक कथांचा नेहमीचा संग्रह म्हणजे लग्नाच्या पंगतीतलं ताट. सगळं चांगलं, पण एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. एकाच विषयाचा संग्रह म्हणजे एका तांदळाचे दहा पदार्थ. भात, खिचडी, घावन, खीर, पापड असं करत गेलं की दहाव्या पदार्थाला कळतं, तांदूळ ही काय चीज आहे ते.

आणि विषय जितका विचित्र, तितकी गंमत जास्त. ही आवड आजची नाही. वेताळ पंचविशी आपण लहानपणी वाचली. राजाच्या खांद्यावर प्रेत, प्रेतात वेताळ, आणि प्रत्येक गोष्टीच्या शेवटी एक प्रश्न. उत्तर ठाऊक असून राजा गप्प बसला तर डोक्याची शकलं होणार, बोलला तर वेताळ पुन्हा झाडावर. सिंहासन बत्तिशीत राजाला सिंहासनावर चढू न देता बत्तीस पुतळ्या एकेक गोष्ट सांगतात. शुकसप्ततीत नवरा परगावी, बायको नटूनथटून बाहेर निघालेली, आणि घरातला पोपट रोज रात्री एक गोष्ट सांगून तिला उंबरठ्याच्या आत ठेवतो. सत्तर गोष्टी! तिकडे इटलीत बोकाचिओने 'डेकॅमेरॉन' लिहिलं, त्यात १३४८ सालच्या प्लेगमुळे फ्लॉरेन्स शहर सोडून गेलेल्या सात तरुणी आणि तीन तरुण दहा दिवसांत शंभर गोष्टी सांगतात. कोरोनाच्या दिवसांत या पुस्तकाचं नाव पुन्हा बऱ्याच जणांच्या तोंडी आलं होतं.

पण आज मला आपल्या घरातल्या, म्हणजे जैन कथासंग्रहांबद्दल लिहायचं आहे. मंदिरातल्या कपाटात हे ग्रंथ वर्षानुवर्षं लाल कापडात बांधलेले असतात. पर्युषणात बाहेर निघतात, पंडितजी त्यातली एखादी गोष्ट सांगतात, आणि पुन्हा कापड बांधलं जातं. एकेक सुटी गोष्ट आपल्याला माहीत असते. ती ज्या दोऱ्यात ओवली आहे तो दोरा मात्र दिसत नाही. आणि खरी कमाल त्या दोऱ्यात आहे.

सगळ्यांत गमतीचा संग्रह आधी सांगते. हरिभद्रसूरींचं प्राकृतातलं 'धूर्ताख्यान', आठव्या शतकातलं. उज्जैनीच्या बाहेर एका बागेत धूर्तांच्या, म्हणजे ठगांच्या टोळ्या जमल्या आहेत. पाच म्होरके, त्यातली एक बाई, खंडपाना. पावसाची झड लागलेली, पोटात काही नाही. मग पैज ठरते. प्रत्येकाने आपल्यावर गुदरलेला प्रसंग सांगायचा. ऐकणाऱ्याने तो पुराणांतले दाखले देऊन खरा ठरवायचा. जो 'हे खोटं' म्हणेल त्याने सगळ्या टोळ्यांना जेवण घालायचं. एकापेक्षा एक थापा सुरू होतात आणि प्रत्येक थापेला दाखला निघतोच. पुराणांतल्या अतिशयोक्तीची ती थट्टा आहे. शेवटी खंडपाना सांगते, माझे काही नोकर माझे कपडे घेऊन पळाले, त्यांना शोधत मी फिरतेय, आणि ते नोकर तुम्हीच, अंगावर कपडेही माझेच! आता काय करतील? खरं म्हणावं तर हिचे चाकर, खोटं म्हणावं तर जेवणाचा खर्च. चारही पुरुष चीत. एवढ्या मोठ्या आचार्यांनी शेवटचा डाव एका बाईच्या हातात दिला, हे मला फार आवडतं.

दुसरा संग्रह वाचताना मला माझी बी. कॉम.ची वर्षं आठवली. रामचंद्र मुमुक्षूंचा 'पुण्यास्रव कथाकोश'. आपल्या सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेने तो हिंदी अनुवादासह छापला आहे. यात छप्पन कथा आहेत आणि त्या सहा सदरांखाली लावल्या आहेत: पूजा, पंचनमस्कार मंत्र, स्वाध्याय, शील, उपवास आणि दान. कॉमर्सवाल्या बाईला ही तर सरळ खतावणी वाटते. रोजकीर्दीत व्यवहार तारखेप्रमाणे पडतात, आज तेल, उद्या भाडं, परवा पगार. त्यावरून काही उमगत नाही. खतावणीत प्रत्येक व्यवहार आपापल्या खात्याला गेला की वर्षभरात कुठे किती गेलं ते दिसतं. तसंच हे. पूजेच्या खात्यात कोण? भगवंतांच्या दर्शनाला फूल घेऊन निघालेला आणि वाटेतच श्रेणिक राजाच्या हत्तीच्या पायाखाली आलेला बेडूक. नमस्कार मंत्राच्या खात्यात कोण? मरताना कुणीतरी कानात मंत्र सांगितला तो ऐकणारा बैल. राजे, शेठ, राण्या आहेतच, पण त्यांच्याच ओळीत बेडूक आणि बैलही आहेत. खातं उघडायला माणूस असण्याची अट नाही, हे संग्रहाच्या मांडणीतूनच कळतं.

आता तिसऱ्याकडे येते. त्यासाठी मात्र आधी अमेरिकेत जाऊन यावं लागेल.

मुलाच्या कपाटात मला एक इंग्रजी पुस्तक सापडलं, 'मशीन ऑफ डेथ'. २०१० साली निघालेलं. रायन नॉर्थ नावाच्या चित्रमालिका लिहिणाऱ्याची एक कल्पना होती, त्यावर लोकांकडून कथा मागवल्या आणि चौतीस निवडून छापल्या. कल्पना अशी: एक यंत्र आहे. बोटाला सुई टोचून रक्ताचा एक थेंब द्यायचा, की यंत्रातून एक चिठ्ठी निघते. चिठ्ठीवर तुमचं मरण कशाने येणार ते एकदोन शब्दांत लिहिलेलं. तारीख नाही, तपशील नाही. यंत्र कधी चुकत नाही, पण फसवतं. 'म्हातारपण' असं आलं तरी निश्चिंत होता येत नाही, कारण एखाद्या म्हाताऱ्याच्या हातून मेलात तरी चिठ्ठी खरीच. प्रत्येक कथेचं नाव म्हणजे मरणाचं एक कारण. कुणी चिठ्ठी लपवतं, कुणी ती बघून लग्न ठरवतं, कुणी जन्मभर एखाद्या वस्तूपासून पळत राहतं. मी शब्दकोश जवळ घेऊन हळूहळू वाचलं. कथा चांगल्या आहेत. सगळ्या लेखकांना एकच प्रश्न पडला आहे: मरण कशाने येणार ते कळलं तर माणूस काय करेल?

हे वाचताना मला राहून राहून वाटत होतं, अशी मरणाच्या विषयाला वाहिलेली पुस्तकं आपल्याकडे हजार वर्षांपूर्वी झालेली आहेत.

शिवार्यांची 'भगवती आराधना' आपण ऐकलेली असते. प्राकृत, दोन हजारांहून अधिक गाथा, आणि विषय मुख्यतः समाधिमरणाचा. शेवटची वेळ आली की क्षपकाला, म्हणजे समाधी घेतलेल्या साधकाला, धीर कसा द्यायचा हे त्यात सांगितलं आहे. एखाद्या गाथेत नुसता उल्लेख येतो, अमक्याने असा उपसर्ग सोसला आणि तो ढळला नाही. एवढंच. ऐकणाऱ्याला गोष्ट ठाऊक आहे असं धरलेलं. ती गोष्ट पूर्ण सांगणारे कथाकोश पुढे झाले. त्यातला हरिषेणांचा 'बृहत्कथाकोश' शके ८५३, म्हणजे इ. स. ९३१-३२ मधला. संस्कृतात, एकशे सत्तावन्न कथा. गाथा ही नोंद आणि कथा हे तिचं व्हाउचर, असं मी मनाशी म्हणते. हा ग्रंथ १९४३ साली सिंघी जैन ग्रंथमालेत निघाला, आणि त्याचं संपादन केलं आपल्या सदलग्याच्या डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी, जे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात अर्धमागधी शिकवत. कन्नडमधलं 'वड्डाराधने' हे याच परंपरेतलं. एकोणीस कथा, आणि कन्नड गद्याचं अगदी जुनं पुस्तक म्हणून तिकडे त्याचा मान आहे. आपल्या हातात सहसा येतो तो ब्रह्म नेमिदत्तांचा 'आराधना कथाकोश', हिंदी भाषांतरातला. माझ्याकडेही तोच आहे.

या कथांत मरण कशाने येणार हा प्रश्नच नाही. ते कशानेही येतं. कुणाला मुंग्या, कुणाला वाघीण, कुणाला आग. चाणक्यसुद्धा इथे मुनी होऊन आगीत सापडतो. एखाद्या कथेत मरणाचं कारण इतकं चमत्कारिक असतं की ते त्या अमेरिकन यंत्राच्या चिठ्ठीवर शोभावं. पण त्या पुस्तकात चिठ्ठीवर गोष्ट सुरू होते, तर आपल्या कथाकोशाला चिठ्ठीत रस नाही. त्याचा प्रश्न वेगळा: ते आलं तेव्हा हा माणूस कसा होता? दहा-वीस-पन्नास कथा त्याच एका प्रश्नावर येऊन थांबतात. एक गोष्ट ऐकली तर आपण म्हणतो, ते थोर होते, आपलं काय. विसावी ऐकली की तसं म्हणता येत नाही. तेव्हा प्रश्न आपल्या अंगावर आलेला असतो.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. आमच्या सासूबाईंच्या खाटेपाशी शिकले.

खुब्याचं हाड मोडल्यावर त्या सात महिने अंथरुणावर होत्या. वय शहाऐंशी. डोळ्यांनी वाचता येत नव्हतं, टीव्हीचा आवाज नकोसा व्हायचा. दुपारी भांडी आवरून मी त्यांच्याजवळ बसायची आणि कथाकोशातली एक गोष्ट वाचून मराठीत सांगायची. आधी मी राजांच्या, व्रतांच्या गोष्टी निवडत होते. त्यांनीच मला थांबवलं. म्हणाल्या, "निवडू नकोस. पहिल्यापासून क्रमाने सांग." मग क्रमाने सुरू केलं, आणि क्रमात उपसर्ग आले, समाधी आल्या, मरणं आली.

आमच्या वन्सं आठ दिवसांसाठी आल्या होत्या. त्यांनी दारातून ऐकलं आणि स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाल्या, "वहिनी, आजारी माणसापुढे हे काय लावलंय? आईला उभारी येईल असं काहीतरी वाचा की." त्यांचं बोलणं तोडून टाकण्यासारखं नव्हतं. लेकीला असं वाटणारच. मी पुस्तक मिटून ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपार झाली तशी आतून हाक आली, "आज गोष्ट नाही का?" वन्संच उठून आत गेल्या आणि म्हणाल्या, "आई, या मरणाच्या गोष्टी कशाला ऐकतेस?" सासूबाई म्हणाल्या, "मग काय लग्नाच्या ऐकू? लग्न झालं माझं."

वन्संना हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. त्या दिवशी त्यासुद्धा खाटेच्या पायथ्याशी बसल्या.

त्या दिवशी होती सुकुमालांची गोष्ट. तुम्हाला माहीत आहेच. उज्जैनीचा शेठपुत्र, इतका नाजूक की स्वागताला उधळलेली मोहरी आसनावर राहिली तर टोचायची, रत्नांच्या उजेडाची सवय म्हणून दिव्याच्या ज्योतीने डोळ्यांत पाणी यायचं. मुनींना पाहिलं की हा दीक्षा घेईल असं भाकीत होतं, म्हणून आई मुनींना घराकडे फिरकू द्यायची नाही. शेवटी आयुष्य तीन दिवस उरलंय हे कळतं आणि तो खिडकीतून कपड्यांना गाठी मारून उतरतो, दीक्षा घेतो. खडकाळ वाटेवर पाय फुटतात. रक्ताच्या मागावर कोल्हीण पिल्लांना घेऊन येते आणि तीन दिवस त्याला पायाकडून खात जाते. तो हलत नाही. ही कोल्हीण कोण? मागच्या एका जन्मातली त्याची भावजय. त्याने रागाच्या भरात तिला लाथ मारली होती, आणि हाच पाय मी खाईन असं तिने मनाशी बांधलं होतं.

मी सांगून थांबले. सासूबाई बराच वेळ छताकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "लाथ किती वेळची असते गं? एक क्षण." पुन्हा थोड्या वेळाने म्हणाल्या, "कोल्हापूरला फोन लाव."

कोल्हापूरला त्यांच्या मोठ्या भावजय होत्या. दोघींचं तीसेक वर्षं बोलणं नव्हतं. कारण आम्हा सुनांना कधी नीट सांगितलं गेलं नाही. माहेरच्या कुठल्याशा वाटणीचं आणि एका कार्यातल्या मानपानाचं ते होतं. मी फोन लावून त्यांच्या कानाशी धरला. माफीबिफीचं एक अक्षर कुणी काढलं नाही. गुडघ्यांचं दुखणं, यंदा शेंगांना भाव नाही, धाकट्या नातीचं कॉलेज, एवढंच बोलणं झालं. ठेवताना सासूबाई म्हणाल्या, "वैनी, सांभाळून राहा." बस्स. पर्युषण संपलं की आपण सगळ्यांना 'उत्तम क्षमा' म्हणतो, हल्ली तर एकाच मेसेजमध्ये दोनशे जणांना. त्या दुपारच्या शेंगांच्या भावात जितकी क्षमा होती तितकी मी फार थोड्या वेळा पाहिली आहे.

त्या गेल्या तेव्हा काही थोर समाधी वगैरे झाली नाही. घरातली म्हातारी माणसं जातात तशा गेल्या. आदल्या दिवशी दोन चमचे पेज घेतली, रात्री पाणीही सोडलं, पहाटे आम्ही णमोकार म्हणत असताना श्वास थांबला. आमचा कथाकोश तेव्हा निम्म्याच्या थोडा पुढे होता. खूण म्हणून घातलेली त्यांच्या पातळाची सुतळीएवढी किनार अजून त्या पानात आहे.

यावर तुम्ही विचाराल, मग असे संग्रह आपण एरवी, धडधाकट असताना का वाचायचे? त्याचं उत्तर चौथ्या संग्रहात आहे, 'सम्यक्त्व कौमुदी'त. हा माझा सगळ्यांत लाडका.

मथुरेत कौमुदी उत्सवाची रात्र. गावातल्या बायका बागेत गेल्या आहेत. अर्हद्दास शेठ मात्र राजाची परवानगी घेऊन आठ बायकांसह घरच्या जिनालयात पूजा करून जागरण करतोय. रात्र घालवायची म्हणून विषय ठरतो: प्रत्येकीने सांगायचं, तुझी श्रद्धा दृढ कशी झाली? बाहेर झाडावर एक चोर लपलेला आहे, आणि झाडाखाली वेष पालटून राजा आणि मंत्री. तिघेही ऐकताहेत. एकेक जण आपली गोष्ट सांगतो, ऐकणारे "खरं आहे, खरं आहे" म्हणतात. फक्त सर्वांत धाकटी कुंदलता दर गोष्टीला म्हणते, "हे सगळं खोटं. माझा विश्वास नाही." राजाला राग येतो. यातल्या काही गोष्टी त्याने स्वतः पाहिलेल्या आहेत. सकाळी हिला जाब विचारायचा असं तो ठरवतो. सकाळी विचारतो. ती म्हणते, या सगळ्यांनी धर्माचं फळ डोळ्यांनी पाहिलं, कानांनी ऐकलं, आणि तरी ही मंडळी काल होती तिथेच आज आहेत. मग मी यांचं बोलणं खरं कसं मानू? असं म्हणून ती दीक्षेला निघते. तिच्यामागून राजासकट इतरही निघतात.

बघा, कथासंग्रहातच एक ऐकणारी बाई बसवून ठेवली आहे, आणि तिला नंदीबैलासारखी मान डोलवायची नाहीये. तिच्या मते गोष्ट खरी की खोटी हे सांगणाऱ्यावर ठरत नाही. ऐकून उठल्यावर माणूस काय करतो त्यावर ठरतं. दीक्षा आपल्यापैकी किती जणी घेणार? पण एक फोन लावता येतो. पंचाऐंशी पार केलेल्या, सात महिने अंथरुणावर असलेल्या बाईला लावता आला.

आमच्या महिला मंडळात यंदाच्या चातुर्मासात काय वाचायचं यावर चर्चा झाली. दर वर्षी वेगवेगळ्या ग्रंथांतल्या सुट्या गोष्टी होतात, या वेळी मी एकच संग्रह सुचवला, 'सम्यक्त्व कौमुदी', पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, मध्ये काही न गाळता. दर गुरुवारी दुपारी तीन ते साडेचार, म्हणजे घरी जाऊन सूर्यास्ताआधीचा स्वयंपाक वेळेवर होतो. एक अट मी घातली आणि ती सगळ्यांना पटली. दर आठवड्याला एकीने कुंदलता व्हायचं. गोष्ट संपली की बाकीच्यांनी नेहमीसारखं "जय हो" म्हणायच्या आधी तिने म्हणायचं, "मला पटलं नाही." आणि विचारायचं, "हे ऐकून उद्या सकाळी तुमच्या घरात काय बदलणार आहे?" उत्तर लहान असलं तरी चालेल. कामवालीचा थकलेला पगार, जावेशी न झालेलं बोलणं, उतू जाईपर्यंत शिजवलेलं अन्न, काहीही.

ग्रंथ मिळवायला अडचण असेल तर आधी आपापल्या मंदिरातलं कपाट उघडायला सांगा. बहुतेक तिथेच असेल. पहिल्या गुरुवारची कुंदलता मी आहे. दुसऱ्या गुरुवारसाठी चार जणींनी नावं दिली आहेत, तेव्हा आमची चिठ्ठी टाकावी लागणार!